चरबीचे दोन डबे

अंबरनाथ पूर्व,
१७ जानेवारी १९८९

आदरणीय भागीरथी अक्का,
धाकट्या हरिचंद्रचा सविनय जय भीम. इकडे सगळे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव (हे उगाच विचारत नाही).

रविवारी आपल्या अंजनाला पाहायला शिरगावची मंडळी आली होती. मुलगा एमआयडीसीत फिटर आहे आणि पोरीच्या मनात भरलेला आहे, म्हणून चहाबरोबर बाजारची बिस्किटं ठेवणं मला पटेना. नानकटाई मीच करणार म्हटलं. कुंदा म्हणाली, तुपात करा. पण तुझ्या भावजयीला चरबीतलं काय कळतं? आमच्या कॅन्टीनचा गोव्याचा आचारी मला सगळं शिकवून गेलाय. डुकराची पाठीची चरबी फोडणीला, पोटाची जाळी खिमा गुंडाळून भाजायला, आणि गुर्द्याभोवतीची नानकटाईला. ती मंद आचेवर कढवली की पांढरीशुभ्र थिजते, वास म्हणून येत नाही. (पाहुण्यांना आधीच विचारलं होतं. तेही आपल्यासारखेच आवडीने खाणारे.)

ही गुर्द्याची चरबी डालड्याच्या एका डब्यात भरली. तसल्याच दुसऱ्या डब्यात पाठीची, लसूण-कापूर घालून, तुझ्या गुडघ्यांसाठी. तो तुझ्या बबनबरोबर आठवड्यापूर्वीच पाठवला. मग उल्हासनगरहून आणलेला गोल ओव्हन लावला. कापराचा वास येतोय, असं कुंदा दोनदा म्हणाली. ओव्हन नवा आहे, असं मी तिला समजावलं. (मला सर्दी होती, पण नाक चोंदलं म्हणून अनुभव चोंदत नाही.)

पाहुण्यांनी एकेक घास घेतला आणि सगळे बशीकडे बघत बसले. दारात अंजनाचे डोळे भरून आले. अक्का, खोटं कशाला सांगू, मी बशी उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात मुलाच्या आजीने, इंदुबाईंनी, नानकटाई चुरून हुंगली आणि सरळ गुडघ्यावर चोळली.

"हे खायचं नाय, बाबा. हे लावायचं हाय."

आधी मुलगा हसला, मग अंजना, मग सगळं घर. जाताना मंडळी साखरपुड्याची तारीख ठरवून गेली आणि इंदुबाई उरलेली नानकटाई गुडघ्यांसाठी बांधून घेऊन गेल्या. माझ्या नानकटाईने सोयरीक जमली, हे आता कोणी नाकारू शकत नाही.

तुझा,
हरिचंद्र

ता. क. तू आठवडाभर चोळतेयस ती गुर्द्याची आहे. वरचा थर खरवडून उरलेला डबा बबनबरोबर परत पाठव. साखरपुड्यालाही मीच करणार.

ता. क. (कुंदाकडून) अक्का, डबा पाठवू नका. साखरपुड्याची नानकटाई अंजना तुपात करणार आहे. ह्यांची सर्दी अजून गेलेली नाही, आणि अनुभवही.