क्रमांक सत्त्याऐंशीचा गुंड

मुक्काम शहापूर, जिल्हा भंडारा
९ एप्रिल २०१८

तीर्थस्वरूप राधाताई,

तुझ्या कनिष्ठ आणि (तुझ्याच मते) अद्याप अपरिपक्व बंधूचा साष्टांग नमस्कार स्वीकारावा. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तूर्त तो सप्तांगच आहे. आठवे अंग प्रकृती सुधारताच पाठवीन. भाऊजींचा खोकला, आसगावच्या बांधीतले उन्हाळी धान आणि चि. रुचिकाच्या विवाहाची सिद्धता ही तिन्ही यथास्थित असावीत. तुझा निरोप मिळाला. "आईनं देल्लेला पान्याचा गुंड अन् परात, दोनी आणजो. रुचीच्या आंदणात तेच देईन. बहाणे सांगू नोको." इतक्या अल्पाक्षरांत आज्ञा, प्रयोजन आणि धमकी बसवणे हे तुलाच साधते. उत्तर मोबाईलवर न देता पत्राने देत आहे, कारण मोबाईलवर तू मध्येच बोलतेस.

घर बांधताना तू 'नेईन कधीतरी' म्हणून माझ्या माळ्यावर ठेवलेली ती दोन्ही पितळी पात्रे चोवीस वर्षे तेथे समाधिस्थ होती. विवाहात ती काळवंडलेली दिसू नयेत, या केवळ सद्भावनेने मी ती उजळण्यासाठी आपल्या पितळेच्या कारखान्यात नेली. (सद्भावना हा माझ्या आयुष्यातील सर्वांत महागडा दुर्गुण आहे.) तेथून पुढे जे रामायण घडले, त्यास कारण युरोप खंड.

तुला ठाऊकच आहे की मोडीची भांडी वितळवून आपण पुण्याच्या एका कंपनीला पितळेच्या बारीक पिना पुरवतो. त्या पिना चार्जरमध्ये बसतात आणि चार्जर समुद्रापार जातात. तिकडील लोकांचा स्वभाव चिकित्सक. वस्तू चालते की नाही एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही. ती कशाकशाची झाली आहे, त्यात शिसे किती, पारा किती, कॅडमियम किती, हे दशांशापर्यंत कळल्यावाचून ते तिला सीमेवरही उभी करीत नाहीत. म्हणून ते पुण्याला विचारतात, पुणे मला विचारते आणि मी डोमा मिस्त्रीला विचारतो. आपल्या भट्टीवर तीस वर्षे काढलेल्या डोमाचे उत्तर असे: "भैय्याजी, पितळेत पितळच राहीन ना. अजून काय राहीन?" तात्त्विकदृष्ट्या हे निरुत्तर करणारे आहे, परंतु कंपनीने पाठवलेल्या चौदा पानी घोषणापत्रात ते कोठेच बसेना.

त्या घोषणापत्रात 'मालाचा मूळस्रोत' नावाचा एक स्तंभ होता. आता मोडीचा मूळस्रोत कोणता? आपल्याकडे भांडे देणारा आपले नाव कोरल्याशिवाय देत नाही, हे तू जाणतेस. मी ढिगाजवळ खुर्ची टाकून बसलो, डोमा एकेक भांडे उचलून वाचू लागला आणि मी निष्ठावंत लेखनिकाप्रमाणे उतरवू लागलो. 'तांब्या: शकुबाईकडून, मुंजीप्रीत्यर्थ.' 'ताम्हण: जनाबाई, मु. गोंदिया, जि. भंडारा.' असे दोनशे बारा मूळस्रोत भरून मी ते पुण्यास रवाना केले. इतके प्रामाणिक घोषणापत्र त्या कार्यालयाच्या इतिहासात गेले नसावे.

आठव्या दिवशी प्रत्युत्तर आले. जनाबाई या आपल्या मान्यताप्राप्त पुरवठादार आहेत काय? असल्यास त्यांचे स्वतंत्र घोषणापत्र जोडावे. शिवाय गोंदिया हा एकोणीसशे नव्याण्णवपासून स्वतंत्र जिल्हा असताना तो भंडाऱ्यात कसा दाखवला, याचा खुलासा करावा. मी सविनय कळवले की जनाबाई बहुधा कैलासवासी असाव्यात. त्यांच्या ताम्हणास जिल्हा विभाजनाची वार्ता कोणी दिली नसावी. ताम्हण मात्र प्रत्यक्ष उपस्थित असून चौकशीस तयार आहे. या खुलाशाने तेथे काय उत्पात झाला कोण जाणे. तपासणीसाठी माणूस येत असून तोवर पिना घेणे स्थगित आहे, अशी दोन ओळींची आकाशवाणी झाली. भट्टी सहा दिवस थंड होती. डोमा रोज येऊन तिच्याकडे, मग माझ्याकडे बघे आणि "खरं लिवाले कायले गेले होते?" एवढे विचारून परत जाई.

आलेला माणूस म्हणजे प्रतीक्षा नावाची एक तरुण अधिकारी. हातात पिस्तुलासारखे यंत्र. ते भांड्याला टेकवून चाप ओढला की दोन क्षणांत भांड्याची जन्मकुंडली पडद्यावर: तांबे इतके, जस्त इतके, शिसे इतके. (असे यंत्र मनुष्यमात्रासाठी निघाले तर विवाह जुळणे बंद होईल.) प्रथम ती अतिशय शुद्ध बोलत होती. डोमाने हळूच माझ्या कानात "पोरगी लय खडूस दिसून रायली" असे म्हणताच ती यंत्रावरून नजर न हटवता म्हणाली, "मी आंधळगावची आहो, काका. मले समजते." त्यानंतर डोमाने तिला मोहफुलाच्या हंगामापासून तिच्या आजोबांपर्यंत सर्व विचारून घेतले आणि वातावरण निवळले, नियम मात्र तसूभर निवळले नाहीत. माझी दोनशे बारांची यादी हातात धरून तिने क्रमाने एकेक भांडे तपासायचे, उत्तीर्ण झालेले डोमाने तिच्यासमक्ष फोडून मुशीत टाकायचे, अशी पद्धत ठरली. शकुबाई उत्तीर्ण झाल्या. जनाबाई विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाल्या. मी दर उत्तीर्णतेस मान डोलवत होतो.

क्रमांक सत्त्याऐंशीच्या बुडाला यंत्र टेकले आणि पडदा लाल झाला. शिसे अडतीस टक्के! प्रतीक्षा म्हणाली, "काका, हा गुंड मुशीत गेला असता तर अख्खा घाणा बाद झाला असता. कोणाचा आहे हा?" मी यादी पाहिली. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिले होते: 'राधा, आईकडून.' ताई, उजळण्यासाठी नेलेली भांडी मी कारखान्यात कोठे ठेवली होती, हे मला त्या क्षणी आठवले. ढिगावर. दोनशे बारा नावे उतरवताना मी स्वतःच्या सख्ख्या बहिणीचे नाव वाचून, लिहून, त्यापुढे बरोबरची खूण केली होती.

ते शिसे कोठून आले, हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. तू नऊ वर्षांची असताना विहिरीच्या पायरीवर गुंड आपटला, बुडाला चीर गेली आणि आईने फिरत्या कारागिराकडून ती शिशाने झाळून घेतली. तीच ही झाळ. तू म्हणालीस मी ढकलले. मी म्हणालो तू घसरलीस. आईने माझ्यावर विश्वास ठेवून तुला चोपले. संपूर्ण घोषणेच्या या युगास अनुसरून, त्रेचाळीस वर्षांनंतर, मी येथे अधिकृतपणे घोषित करतो: मी ढकलले होते. मात्र हेही नोंदवावे की मी ढकलले नसते तर चीर गेली नसती, झाळ लागली नसती, यंत्र कोपले नसते आणि तुझा गुंड आज परदेशी चार्जरमध्ये विखुरला असता. उपकार मानण्याची आवश्यकता नाही. कबूल केलेस तरी पुरे.

मी खाली बसलो आणि गुंड पोटाशी धरला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. काम पुढे चालूच होते. डोमा म्हणाला, "उठा ना भैय्याजी, तो पळून नाही जाऊन रायला." उठलो तेव्हा यादी संपत आली होती. सायंकाळी आपली भट्टी मान्य झाली, पिनांची मागणी पूर्ववत झाली. प्रतीक्षा जाताना चहा प्यायली आणि एक ताकीद देऊन गेली: ती झाळ आहे तोवर गुंडात पिण्याचे पाणी भरायचे नाही. तेव्हा रुचिकाने तो मांडून ठेवावा, मिरवावा, पाणी मात्र स्टीलच्या पिंपातच. गुंड चिंच लावून मी स्वहस्ते उजळला आहे आणि लग्नाच्या आदल्या दिवशी स्वतः मांडीवर घेऊन आसगावास येईन.

भाऊजींना नमस्कार, रुचिकास अनेक आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (घोषित),
भैय्यालाल

ता. क. सोबत एक कागद आहे. नापास माल कारखान्याबाहेर गेला आणि पुन्हा कधीही मोडीत येणार नाही, असे कंपनीला मूळ मालकाच्या सहीनिशी हवे आहे. 'गुंड, नग एक, मिळाला' याखाली सही करून कागद उलटटपाली पाठवावा. खरे तर पत्राचे प्रयोजन एवढेच होते.

ता. ता. क. त्या कागदावर परातीचा उल्लेख का नाही, असे तू विचारशील. परातीला कधी झाळ लावावी लागली नव्हती. क्रमांक अठ्ठ्याऐंशी. मी गुंड पोटाशी धरून बसलो असताना ती उत्तीर्ण झाली. तिच्यातली एक पिन पाकिटात घातली आहे, आंदणात मांडावी.