म्हशीच्या वेळी

विहीणबाई,

नमस्कार लिवत न्हाई. हे पत्र टाकणार बी न्हाई, तुमी परत रडून दाखवाल.

पाचव्या महिन्यात माझ्या शिवांजलीची पाण्याची पिशवी फुटली, ताप चढला. मिरजेची डॉक्टरीण म्हणली, "मूल वाचत न्हाई. पोट मोकळं केलं तर आई वाचंल. कायद्यानं हिची एकटीची सही पुरं." पोर सही कराय लागली, तर तुमी तिचा हात धरलासा. "विश्वजीत बॉर्डरवर हाय, त्याला इचारल्याबिगर न्हाई." नर्सनं सांगितलं मला. जावयाचा फोन लागला तवा पोर गार पडली हुती.

गेल्या साली तुमच्या म्हशीच्या पोटात रेडकू मेलं, तवा डॉक्टर आणाय कुणाला इचारलंसा?

ती म्हस अजून दूध देतीया. तिला नवरा न्हवता, म्हणून वाचली.

शिवांजलीची आई,
मंगल, आटपाडी