हणमंतप्पाने माझ्या नावाने आणलेली लॉरी

मी, धुरपदाबाई भ्रतार कै. माणिकप्पा, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, कोणाच्याही दडपणाशिवाय, अक्कलहुशारीने हा कागद करून ठेवते. दम्यामुळे श्वास पुरत नाही, पण डोकं जागेवर आहे. मी सांगते तसं शिवलिंग मास्तर उतरवून घेत आहेत.

कलम १. माझं दोन खणांचं राहतं घर मी सोलापूरच्या गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात मजुरी करून बांधलं. सासऱ्यांच्या मिळकतीतला एक दगड त्यात नाही. सबब दीर हणमंतप्पा याचा त्यावर हक्क नाही. घर माझी भाची कमलबाई हिला द्यावं. परसातला शेवगा तिने तोडू नये.

कलम २. हणमंतप्पाला काही न देण्याचं कारण असं. नवरा वारल्यावर मीच त्याला गिरणीत चिकटवलं. माझ्या हातचं खाऊन तो कापड विणायच्या साच्यावर उभा राहिला, पुढे मजूर भरणारा जॉबर झाला. लढाईच्या दिवसांत तंबूच्या कापडाला मागणी वाढली, गिरणी रात्रंदिवस चालू लागली, आणि कंपनीने आम्हाला महागाई भत्ता नाकारला. आम्ही बायकांनी संप केला. आम्ही सुताच्या कांड्या भरल्या नाहीत की सगळे साचे बंद. मालक बोलणी करायला कबूल झाला.

बोलणी व्हायची त्या दिवशी सकाळीच गिरणीच्या गेटवर लॉरी आली. आत जळकोटच्या, माझ्याच गल्लीतल्या बायका. शेजारच्या द्वारकाबाईने वरून विचारलं, “धुरपदक्का, तू बोलावलंस म्हून आलो आमी. कुठं उतरायचं?”

मी म्हणाले, “म्या कुणाला बोलावलं न्हाय. संप हाय. माघारी जावा.”

तोवर गेट उघडलं आणि लॉरी आत गेली. ड्रायव्हरशेजारी हणमंतप्पा बसला होता. त्याने माझ्याकडे मान वळवली नाही.

संप मोडला. मला काढून टाकलं. त्या बायकांना न शिकवता मशीनवर उभं केलं. द्वारकाबाईची दोन बोटं गेली आणि तिलाही घरी धाडलं. हणमंतप्पाने गावात सांगितलं, “वैनीला कंपनीनं फोडलं. तिनंच निरोप धाडला, म्या निस्ता पोचवला.” गावाने ते खरं मानलं. तेव्हापासून मी आडावर गेले की बायका बोलायच्या थांबतात.

मी त्याला म्हटलं, “एकदा चावडीवर खरं सांग.”

तो म्हणाला, “आता कशाला वैनी? तुमाला अजून किती दिस काढायचेत?”

कलम ३. दोन शेळ्या आणि तांब्याचा हंडा द्वारकाबाईला द्यावा. ती माझ्याशी बोलत नाही. घेतला नाही तर दारात ठेवून यावं.

कलम ४. माझ्या मातीला हणमंतप्पा आला तर कोणी अडवू नये. पण दिवस झाल्यावर गाव जमवून हा कागद चावडीत मोठ्याने वाचावा. त्याआधी घराची किल्ली कोणाला देऊ नये. हणमंतप्पाला पुढे बसवावं. त्याला काही म्हणायचं असेल तर पुरतं म्हणू द्यावं. या वेळी त्याला खोटं पाडायला मी नसेन. गावाने त्याच्या तोंडाकडे बघून काय ते ठरवावं.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: धुरपदाबाई

साक्षीदार: बशीर वल्द जैनोद्दीन, दुकानदार (सही)
साक्षीदार: दगडोबा, चावडीचा कारभारी (अंगठा)
लिहिणार: शिवलिंग मास्तर (सही)

मुक्काम जळकोट, जिल्हा उस्मानाबाद
चैत्र वद्य पंचमी, सन १३५६ फसली