परिशिष्टातली नावं

आंग मो किओ, सिंगापूर
६ जुलै २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तालुक्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमच्या बोटीवरचे उल्हासभाऊ औषधांचा साठा घ्यायला येतात तेव्हा तुझ्या हातात देतील.

आम्ही तिघं बरे आहोत. जाईची शाळा सुट्टीनंतर गेल्या सोमवारी पुन्हा सुरू झाली. तन्मयला अजून काम मिळालेलं नाही, पण त्याने स्वयंपाक हातात घेतलाय आणि वरणाला फोडणी माझ्यापेक्षा चांगली देतो. इथे रोज दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि सहाला मोकळं होतं. आईच्या गुडघ्यांचं काय झालं? मला ती नीट सांगत नाही.

तुझ्या निलंबनाचं उल्हासभाऊंकडून कळलं. तरंगत्या दवाखान्यात सहा वर्षं काढलेल्या डॉक्टरवर 'फेऱ्या केल्याच नाहीत, डिझेल मात्र खर्च झालं' असा ठपका ठेवायला यांना काही वाटलं नाही? चौदा पाडे, एक बोट, दोन नर्स आणि मोजून मिळणारं डिझेल. सातपुड्याच्या त्या उत्तर टोकाला दुसरं कोण जातं?

आमच्या कंपनीच्या बाजूनेही तपास चालू आहे. बोटीच्या फेऱ्या ठरवणारा आमचा प्रोग्रॅम तसा व्यवस्थित चालतोय. काही कळलं तर कळवीन. सुनावणी चोवीस तारखेला आहे ना? तुझं कागदी रजिस्टर सांभाळून ठेव.

जाईने काल विचारलं, "आई, मावशी इन ट्रबल, इज इट?" मी म्हटलं, नाही, ऑफिसचं काम आहे. ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "यू ऑल्वेज से लाइक दॅट लाह."

तब्येतीला जप.

तुझी,
चैतू


आंग मो किओ
१० जुलै २०२५

ताई,

आधीचं पत्र अजून पोचलंही नसेल. त्यातलं आईच्या गुडघ्यांचं तेवढं खरं धर. 'प्रोग्रॅम व्यवस्थित चालतोय' हे वाक्य खोडून टाक.

वीस जूनला तू फोन केला होतास. "मी टॅबलेटवर नोंदलेली नावं तुमच्याकडे पोचली का? एवढंच सांग," असं विचारलंस. मी म्हटलं, "सिस्टिममध्ये काहीच नाही, ताई." तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

नावं होती. तेव्हाही होती.

काय झालं ते सांगते. बोटीच्या फेऱ्या ठरवणारा हा प्रोग्रॅम आम्ही आधी इथल्या टॅम्पिनीस भागात घरोघरी जाणाऱ्या नर्सेससाठी केला होता. तिथे लिफ्टमध्येसुद्धा नेटवर्क असतं. नर्सने नोंद केली की क्षणात पोचते. म्हणून मी नियम लिहिला होता: चोवीस तासांत नोंद आली नाही तर त्या भेटीत रुग्ण शून्य. तुमच्याकडचं काम मिळावं म्हणून कंपनीत मीच हट्ट धरला. माझ्या बहिणीच्या बोटीसाठी करतेय, असं मिरवत होते. नियम मात्र तोच ठेवला.

डोंगरामागच्या तीन पाड्यांना नेटवर्क नाही. तुझ्या नोंदी बोट धक्क्याला परत लागल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी येत होत्या. तोपर्यंत प्रोग्रॅमने शून्य लिहून दिवस मिटवलेला असायचा. उशिरा आलेल्या नोंदी एका बाजूच्या फाइलमध्ये पडत गेल्या, आणि ती फाइल कोणीच उघडत नव्हतं. सलग शून्य दिसलं म्हणून त्या पाड्यांची दर आठवड्याची फेरी तीन महिन्यांवर गेली. वाचलेलं डिझेल दुसरीकडे वळवलं. कागदावर ते शहाणपणाचंच दिसत होतं, आणि तुझ्यावरचा ठपकाही त्याच शून्यांवरून आला.

इथवर वाचून तू म्हणशील, चूक झाली, कोणाच्याही हातून होते. ताई, थांब. अजून आहे.

बावीस एप्रिलला तू जिल्ह्याला तक्रार लिहिलीस की रुग्ण असताना शून्य दिसतंय. ती मेल फिरत फिरत माझ्याकडे आली. मी दहा मिनिटांत फाइल शोधली, उघडली, कारण कळलं. दुरुस्ती दोन दिवसांची होती. पण आमचं दुसऱ्या एका देशाच्या सरकारपुढे सादरीकरण होतं आणि ते होईपर्यंत प्रोग्रॅमला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. मी ती दुरुस्ती जुलैच्या कामांच्या यादीत टाकली. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू गप्प बसली नसतीस, हे मला माहीत होतं.

त्या फाइलमध्ये दोनशे बारा नावं आहेत. सुमलीचं दोनदा आहे. अठरा मार्चला सहावा महिना, रक्तदाब जरा चढा. एक एप्रिलला आणखी चढा, पायांवर सूज, आणि पुढे तुझं वाक्य: 'पुढच्या आठवड्यात नक्की पाहणे.' पुढच्या आठवड्यात बोट तिकडे गेलीच नाही. तू जादा डिझेल मागितलंस ते अर्जही पाहिले. 'प्रोग्रॅमनुसार गरज नाही' असा शेरा मारून परत आलेत.

नऊ जूनला तिला झटके येत असताना झोळीतून किनाऱ्यावर आणलं आणि बोट पाच तासांवर दुसऱ्या टोकाला होती, हे उल्हासभाऊंनी सांगितलं. मूल वाचलं, तीही वाचेल असं तुम्हाला धक्क्यापर्यंत वाटत होतं, हेही. तुझ्या हातावर ती गेली आणि अकरा दिवसांनी मी तुला फोनवर खोटं सांगितलं.

आज माझे वरिष्ठ, प्रसन्न, यांना सगळं दाखवलं. ते पुण्याचेच, भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "चैत्राली, लिहून काही द्यायचं नाही. वकील बघतील."

"वकील बघेपर्यंत सुनावणी होऊन जाईल."

"बहीण आहे म्हणून तू गुंतली आहेस."

"बहीण नसती तरी नावं त्या फाइलमध्येच असती ना?"

ते म्हणाले, "कामाचा पास रद्द झाला की देश सोडायला तीस दिवस मिळतात. जाईचं शाळेचं अर्धं वर्ष झालंय. घरी बोल, मग ठरव." धमकी नव्हती ती. त्यांनाही दोन मुलं आहेत.

घरी बोलले. तन्मय आधी चिडला. म्हणाला, "एप्रिलमध्ये मला का नाही सांगितलंस?" मी जबाबाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. तो वाचून झाल्यावर म्हणाला, "पाठव."

सोबत सही केलेला जबाब आहे. परिशिष्टात दोनशे बारा नोंदी, प्रत्येकीची तुझ्या टॅबलेटवरची मूळ वेळ दिलेली आहे. तुझ्या रजिस्टरशी ताडून बघू देत त्यांना. एक प्रत चौकशी समितीला मी थेट पाठवली आहे, म्हणजे हे पुढे करायचं की नाही हा प्रश्न तुझ्यावर पडणार नाही.

मला उत्तर लिहू नकोस. सुनावणीची तयारी कर.

चैत्राली


आंग मो किओ
१७ ऑगस्ट २०२५

ताई,

समितीने व्हिडिओवर मला चाळीस मिनिटं विचारलं. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "एप्रिलमध्ये तुम्हाला माहीत होतं, असं लिहून घेऊ का?" मी "हो" म्हटलं. पडद्यावर तू कोपऱ्यात दिसत होतीस. तू मान वर केली नाहीस.

तुला परत रुजू करून घेतल्याचा आदेश उल्हासभाऊंनी वाचून दाखवला. तिन्ही पाड्यांची फेरी पुन्हा दर आठवड्याला, आणि ती तुझ्या कागदी वहीवरून ठरणार, हेही. कंपनीने मला त्याच आठवड्यात काढलं. सामान विकतोय. जाई दोन दिवस रडली, आता मैत्रिणींना पुस्तकं वाटते आहे. तन्मय तिला घेऊन पुण्याला जाईल. त्याच्या बोलण्यात अजून धार आहे आणि ती असायला हरकत नाही.

परवा तुझा फोन आला. जेमतेम चार मिनिटं. सुमलीची मुलगी साडेतीन किलोची झाली, एवढं तू सांगितलंस. मी म्हटलं, "ताई, माझ्याकडून चुकलं." तू म्हणालीस, "मला काय सांगतेस? मी नोकरीवर परत आले. ज्यांचं माणूस गेलं त्यांना सांग." आणि मग, "सुमलीची सासू अजून मला विचारते, बोट का नाही आली. मी काय सांगू?"

तू काही सांगू नकोस. मी येते. तिकीट काढलंय, एकोणतीस तारखेला धक्क्यावर पोचते. बोटीत जागा नसेल तर पुढच्या फेरीपर्यंत थांबेन. रुग्णाची जागा अडवणार नाही.

सुमलीच्या घरी बसून काय बोलायचं ते मला सुचत नाही. रोज वेगळं वाक्य जुळवते आणि रोज त्यात कुठेतरी स्वतःची बाजू शिरते. शेवटी एवढंच राहिलंय: बोट माझ्यामुळे आली नाही, आणि मला ते आधी माहीत होतं.

मला पावरी येत नाही. माझं बोलणं तुलाच त्यांच्या भाषेत सांगावं लागेल. तू डॉक्टर आहेस, वाईट बातमी हळुवार सांगायची तुला सवय आहे. माझ्यासाठी तसं करू नकोस. मी म्हणेन तेवढंच आणि तसंच सांग. ती जे म्हणेल तेही मला तसंच सांग.

एवढं मागणारी,
चैत्राली