आईच्या पावलाचं माप

प्रिय भाऊराया,

‘प्रिय’ लिहिलं ते सवयीने. त्यावरून फार काही समजू नकोस. मासिकात छापून आलेला आपल्या बागेचा फोटो मिळाला. खाली बाग आखणारा म्हणून तुझं नाव ठळक आहे. त्या घरात आई आणि मी राहतो, याचा उल्लेख नाही.

मी महिनाभर लेकीकडे गेले, तेवढ्यात तू हे उरकलंस. पांढरी खडी, तिच्यावर दंताळ्याने ओढलेल्या लाटा, तीन काळे दगड, कोपऱ्यात बांबू. जे शेवाळ आम्ही जन्मभर मोरीच्या पायरीवरून घासून काढलं, ते तू विकत आणून लावलंस. तेही सोसलं. पण फाटकापर्यंतची सिमेंटची सरळ वाट तू कठड्यासकट उखडलीस आणि तिथे सुटे दगड बसवलेस, मुद्दाम वेडेवाकडे. जपानी बागेत माणसाने खाली बघत, सावकाश चालावं म्हणे. दगडांमधलं अंतर चालणाऱ्याच्या पावलाप्रमाणे ठेवतात, हेही तूच फोनवर शिकवलंस. मग पाऊल कोणाचं मोजलंस? स्वतःचं. तू ढांगा टाकत गेलास आणि कामगाराने खुणा केल्या, हे आई अजून कौतुकाने सांगते. तिचं पाऊल मी काल मोजलं. एक वीत आणि वर चार बोटं. तुझ्या एका दगडावरून दुसऱ्यावर जाताना तिचा पाय खडीतच पडणार.

समोरची शिंपीणबाई रोज सकाळी फाटकाशी येते. कठडा धरून आई तिथवर जायची आणि दोघी मिळून अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायच्या. आता शिंपीणबाई फाटकातून ओरडते, आईला ऐकू येत नाही, ती नुसती मान हलवते. मी काही बोलले की मलाच ऐकवते, “तू गप गं. एवढ्या हौसेने केलंय त्याने. माझ्या पायांचं काय घेऊन बसलीस?”

फोनवर ती तुला सांगते की रोज बागेत फेरी मारते, आणि तू ते गिऱ्हाइकांना सांगत सुटतोस. अकरा आठवडे ती व्हरांड्याची पायरी उतरलेली नाही. हे तुला कळू द्यायचं नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते मी आज मोडलं. शनिवारी सकाळी गवंडी येतोय, तुझ्या लाटांवरून सरळ वाट घालायला. शुक्रवारी ये, दगड स्वतःच्या हाताने उचल आणि तिच्यादेखत म्हण, मोजताना माझं चुकलं. गवंड्याने हात लावला तर ती त्याच्याशी भांडेल, तुझ्या बाजूने.

नाइलाजाने तुझीच,
ताई