नारायणपेठचा फॉल

माय,

तुझ्या नातीनं काल मला फोनवर एक साडी दाखवली. ती पुण्यात नोकरी करते, चांगलं कमावते, आणि कुणीतरी नेसून झालेल्या साड्या विकत घेते. चोरून नाही, अगदी मिरवून. आता तशी टूम आहे म्हणे. बायका आपल्या कपाटातल्या साड्यांचे फोटो टाकतात, दुसऱ्या बायका त्या घेतात, आणि नेसल्यावर सगळ्यांना सांगत सुटतात की ही जुनी आहे, म्हणून स्वस्तात पडली, आणि कापड बघा कसलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्याची उतरलेली?" ती हसली. म्हणाली, "मम्मी, धुतलेली असते गं, त्यात काय एवढं?" मग म्हणाली, पुढच्या महिन्यात ऑफिसात कार्यक्रम आहे, आजीची नारायणपेठ पाठवून दे, मी तीच नेसणार. आणि फोटोखाली टाकायला त्या साडीबद्दल दोन ओळी लिहून दे. तुला जाऊन पस्तीस वर्षं झाली, तिनं तुला बघितलेलंही नाही. त्या दोन ओळी लिहायला म्हणून मी सकाळी बसले, आणि लिहिते आहे तुला.

तुझ्यासारखी खरेदी करणारी बाई मी नंतर बघितली नाही. आपल्याकडे पैसे कधीच नव्हते, पण तू नांदेडच्या कापड दुकानात पाय ठेवलास की दुकानदार सावरून बसायचा. तू दुपारची जायचीस, गिऱ्हाईक नसताना. ताग्याचा शेवटचा तुकडा आधी मागायचीस, मग छपाई चुकलेला माल. कापड दिव्याखाली बघायचं नाही, दाराबाहेर उन्हात नेऊन बघायचं. उलट्या बाजूनं बघायचं. कोपरा जिभेला लावून बोटावर घासायचा, रंग सुटतो का ते बघायला. एकदा तो दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, घ्यायचंय का नुसती परीक्षा घ्यायचीय?" तू म्हणालीस, "दोन्ही." तीन साड्यांवर तू दोन ब्लाउज चालवायचीस. ब्लाउज साडीच्या रंगाचं कधी घ्यायचं नाही, काठाच्या रंगाचं घ्यायचं, म्हणजे ते तिघींवर जातं, हे तू मला शिकवलंस आणि मी सबंध नोकरी त्यावर काढली. कचेरीत बायका म्हणायच्या, तुमच्याकडे किती साड्या आहेत. मी नुसती हसायची.

पण त्याआधी भोकरकडचं गाव होतं, आणि बहात्तरचा दुष्काळ. तू आणि बा खडी फोडायला जायचात, मी दहा वर्षांची. तुझं लुगडं मधून विरलं होतं. तू तो विरलेला भाग कापून काढलास, दोन्ही टोकांकडचं धड कापड जोडून शिवलंस. दंड घालणं म्हणायचे त्याला. तुझा दंड कमरेशी निऱ्यांत असा जायचा की बघणाराला शिवण दिसायची नाही. तू रस्त्याच्या कामावर धूळ खात असलीस तरी पदर नीट खांद्यावर असायचा. मुकादमाची बायको म्हणायची की हिला बघून वाटत नाही कामावर आली म्हणून. तुला ते लई आवडायचं. तू तसं कधी म्हणाली नाहीस, पण त्या दिवशी घरी येताना तुझी चाल वेगळी असायची.

त्याच उन्हाळ्यात शेताच्या मालकाच्या लेकीनं मला तिचा पिवळा झगा दिला. तिला लहान झाला होता. त्याला पुढून पांढरी बटनं होती. मी तो अंगात घालूनच घरी आले, नाचत. तू चुलीपुढे बसली होतीस.

"कुणी दिला?"

"मालकाच्या पोरीनं. तिला होत न्हाई."

"काढ."

"माय, नवाच हाय. बटनं हायेत बघ."

"नवा न्हाई. तिनं घातलेला हाय. वापस देऊन ये."

मी रडले, पाय आपटले. तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "आपल्या बायांनी ठरवलंय. धम्म घेतला त्या वर्षी ठरवलंय. त्यांचं जुनेर अंगाला लावायचं न्हाई. आधी लावायचो, राबायचो त्याच्या बदली सणाला त्येच मिळायचं. आता न्हाई. फाटकं घालू, पण आपलं घालू." मी बाच्या सदऱ्यात, घडी केलेला झगा हातात धरून, मालकाच्या दारात गेले. त्या वेळी मला तुझा राग आला होता. फार आला होता. चार दिवसांनी तू तुझ्या दुसऱ्या लुगड्याचा पदराकडचा भाग कापून मला झगा शिवलास, आणि त्याला बटनंही लावलीस, कुठून आणलीस कोण जाणे. एक काळं होतं, बाकीची पांढरी. मी ते काळं बटन सारखं हातानं झाकायची.

दुष्काळ सरला तरी आपण गावात राहिलो नाही. नांदेडला बा धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचा, आणि तू त्याच कापड दुकानातल्या साड्या घरी आणून त्यांना फॉल लावायला लागलीस. दारात बसून, पायावर साडी पसरून, हातशिलाईनं. तुझा टाका वरून दिसायचाच नाही. नांदेडला आल्यावर तू लुगडं सोडून पाचवारी नेसायला लागली होतीस. कापड कमी लागतं, असं सांगायचीस. खरं म्हणजे तुला ती आवडायची, आणि मला तू तिच्यात आवडायचीस. एकदा तुझ्याकडे एक नारायणपेठ आली, आमसुली रंगाची, मोहरीच्या फुलासारखा काठ. फॉल लावून झाला. तू उठलीस, पदर खांद्यावर टाकलास आणि भिंतीवरच्या हातभर आरशात बघितलंस. मी दारातून बघत होते. तुला मी दिसले तशी तू ती झटकन काढलीस आणि म्हणालीस, "दुसऱ्याची हाय." सुई शोधायच्या निमित्तानं तू मान खाली घातलीस. अशी साडी मला हवी, हे तू कधी म्हणाली नाहीस. म्हणायची गरजच नव्हती, मी बघितलं होतं.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवी भरती, आणि मला नोकरी लागली. टेबलं अजून आली नव्हती, आम्ही पहिले काही दिवस सतरंजीवर बसून फायली लावत होतो, आणि तरी मी रोज इस्त्रीची साडी नेसून जायची. पहिला पगार हातात आला तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. गंजगोलाईतल्या दुकानांतून मी तीन संध्याकाळी फिरले. नारायणपेठ होत्या. मला झेपणाऱ्या नव्हत्या. खोलीचं भाडं होतं, तुला पैसे पाठवायचे होते. साधी चांगली सुती साडी सहज आली असती. माझ्या जागी तू असतीस तर तीच घेतली असतीस, ताग्याचा शेवटचा तुकडा मागून. पण मला तुझ्या अंगावर तीच बघायची होती.

बाजाराच्या दिवशी भांड्यांवर जुने कपडे घेणारी एक बोहारीण ते कपडे ढीग लावून विकायची. त्या ढिगात मला ती दिसली. तसाच आमसुली रंग, तसाच काठ. "एकदाच नेसलीय बघ," ती म्हणाली. "बाईचं मन उडालं." मी ती घेतली, माय. पिवळा झगा आठवला नाही असं नाही. आठवला, आणि तरी घेतली. घरी आणून ब्लेडनं जुना फॉल उसवला. साडी धुतली. फॉलच्या टाक्यांची भोकं काठाजवळ ओळीनं दिसत होती, ती नखानं घासून मिटवली. ती युक्ती तुझीच, टाका चुकला की तू तसंच करायचीस. लॉन्ड्रीत देऊन साडी कडक करून घेतली, आणि कचेरीतल्या एका मैत्रिणीकडून दुकानाचा पुठ्ठ्याचा खोका मागून आणला. तिला काय सांगितलं ते आता आठवत नाही. मी दिवसभर फॉल लावणाऱ्या बाईला जुन्या फॉलची साडी नवी म्हणून द्यायला निघाले होते, हे त्या वेळी मला जरासुद्धा वेडेपणाचं वाटलं नाही. वीस वर्षांच्या मुलीला आपल्या आईला काय काय कळतं हे कुठं ठाऊक असतं.

नांदेडला येऊन मी खोका तुझ्यापुढे ठेवला. "पहिल्या पगाराची. फॉल लावायचाय अजून." तू साडी पायावर पसरलीस. हात पुसून घेतलास आधी. मग काठ बोटांतून सरकवत गेलीस, नेहमीसारखा. म्हणालीस, "रंग चांगला काढलाय." जरा वेळानं म्हणालीस, "फॉल मीच लावते. दुकानात द्यायची न्हाई कुणी." मी खूश झाले. पण तू ती नेसली नाहीस. विहारात जाताना पांढरी, कुणाच्या लग्नात निळी सुती. विचारलं की म्हणायचीस, "ठेवणीतली हाय, र्‍हाऊ दे." मी शेजारणींना सांगायची, आमची माय जपून वापरते.

मला बघायला लोक यायचे होते, लातूरला, माझ्या खोलीवर. तू आदल्या दिवशीच आली होतीस, आणि माझ्या सांगण्यावरून ती साडी घेऊन आली होतीस. सकाळी तू निळी काढलीस. धुऊन, तांब्याखाली घडी दाबून आणली होतीस, तिच्यात काही कमी नव्हतं.

"ती नको," मी म्हणाले. "नारायणपेठ नेस."

"निळी बरी हाय की."

"त्या लोकांपुढं निळी? मी काय म्हणून आणली ती?"

तू नेसलीस. ते लोक आले. होणाऱ्या सासूबाई चांगल्या होत्या, पुढे मला त्यांनी कधी दुखावलं नाही. त्यांनी सहज तुझा पदर हातात घेतला आणि म्हणाल्या, "नारायणपेठ ना? महाग पडली असंल." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. तू म्हणालीस, "लेकीनं आणली." तेवढंच. खोटं एक अक्षर बोलली नाहीस. ते लोक गेल्याबरोबर तू साडी सोडलीस आणि बादलीत घातलीस. लातूरला तेव्हाही नळ दोन दोन दिवसांनी यायचा. मी तुझ्यावर चिडले, की आज पाणी नाही आणि तू धुणं काय काढून बसलीस. तू ती पिळून वाळत घातलीस. पुन्हा ती साडी तुझ्या अंगावर मी बघितली नाही.

तू गेलीस तेव्हा तुला पांढरी नेसवली. आमसुली तुझ्या ट्रंकेत तळाशी होती. मी काठ उलटा करून बघितला. तुझा टाका जुन्या भोकांतून गेला होता. एकेका भोकातून. एकही भोक तू उघडं ठेवलं नव्हतंस, कुणाला दिसू नये म्हणून. तेव्हा मला कळलं की तुला सगळं ठाऊक होतं.

विहारात बायकांपुढे बोलायला लावलं की मी पिवळ्या झग्याची गोष्ट सांगते. माझ्या मायनं दुष्काळातसुद्धा दुसऱ्याचं अंगाला लावलं नाही, असं म्हणते, आणि बायकांचे डोळे भरून येतात. साडीची गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही, तुझ्या जावयालाही नाही. दुष्काळानं जे तुझ्याकडून करवलं नाही ते मी करवलं. तुझ्या नातीला याचं काय वाटेल? काहीच नाही वाटणार. ती म्हणेल धुतलेली होती ना. आणि कदाचित तिचंही बरोबर असेल. तिला कुणी कधी जुनेर देऊ केलेलं नाही, ती स्वतः निवडून घेते. ते तू आणि मी मिळवलं म्हणून झालं, असं मी स्वतःला समजावते. मला ते पुरत नाही.

हा कागद कुठं टाकायचा नाहीये. तिला साडी पाठवीन, आणि दोन ओळींऐवजी एकच लिहीन, की हिचा फॉल आजीनं स्वतः लावला आहे. तेवढं खरं आहे.

आणि एक. वर लिहिलं की मला हे तू गेल्यावर कळलं, ते तसं नाही. नांदेडला त्या दिवशी काठ सरकवताना तुझं बोट एका जागी थांबलं होतं. मी बघितलं. तुला कळलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. लातूरला तू निळी का काढलीस तेही मला ठाऊक होतं. तरी नको म्हणाले, कारण तू एकदा नेसलीस की ती नवी होऊन जाईल असं मला वाटत होतं, आणि त्या लोकांपुढे मला तुझी निळी नको होती. तू "बरं" म्हणालीस. मी तुझ्या निऱ्या सारख्या करायला खाली बसले, आणि सारख्या झाल्या तरी तशीच बसून राहिले. उठले असते तर तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.