अर्धी अर्धी गोळी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देईल तेवढाच वाकून). तुझी तब्येत मुद्दामच विचारत नाही. विचारली की "आता किती दिवस राहिलेत माझे" हे एकच पालुपद लावतेस आणि माझा अख्खा दिवस वाया जातो. आम्ही दोघं ठणठणीत. मात्र तुझ्या लेकीच्या संस्थेतून आमची हकालपट्टी झाली आहे, आणि ते तिच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

म्हातारपण लांबणीवर टाकणाऱ्या गोळीची चाचणी तिथे चालू आहे, हे तुला माहीतच आहे. पोरगी माझ्या दुकानात आली, शिलाई मशिनीपाशी स्टुलावर बसली आणि मला समजेल असं सगळं सांगितलं. वय झालं की शरीरातल्या पेशी आपापला केरकचरा काढायचा कंटाळा करतात म्हणे (आमच्या घरी हे खातं माझ्याकडेच आहे, त्यामुळे लगेच पटलं). ही गोळी त्यांना कामाला लावते. उंदरांमध्ये गुण दिसला, माणसांचं अजून ठाऊक नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं. मी उभा जन्म गिऱ्हाइकांना "उद्या नक्की" सांगत आलो, आणि ही एवढी शिकलेली मुलगी बेधडक "ठाऊक नाही" म्हणते! मला तिचा इतका अभिमान वाटला की त्या भरात मी आम्हा दोघांची नावं देऊन मोकळा झालो.

नात्यातले म्हणून आम्हाला तपासायला दुसरे डॉक्टर. दोघांना एकेक डबी मिळाली. एकीत खरी गोळी, दुसरीत नुसती दिसायला तशी. कोणती कुणाकडे, ते त्या डॉक्टरांनाही कळू देत नाहीत. झालं! तुझी भावजय विचारात पडली. एकाचंच आयुष्य वाढलं तर दुसऱ्याने काय करायचं? लग्न झाल्यापासून हिने घरात आलेली प्रत्येक गोष्ट, अगदी शेवटचं बिस्किटसुद्धा, दोघांत निम्मं केलंय. मग आयुष्य कसं सोडेल? रोज सकाळी माझी बारकी कात्री घ्यायची, दोन्ही गोळ्या मधोमध कापायच्या आणि प्रत्येकीतली अर्धी अर्धी दोघांनी घ्यायची. मलाही यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी जिने धडाधड चढायला लागलो, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला (सुई गोधडीची होती), आणि ते सगळ्यांना सांगत सुटलो.

रक्त तपासलं आणि बिंग फुटलं. ज्याच्या रक्तात औषधाचा टिपूसही नको, त्याच्या रक्तात ते निघालं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पोरीने तर आम्हाला असं फैलावर घेतलं की थेट तुझी आठवण झाली. मग हिने आपलं कारण सांगितलं. ऐकता ऐकता पोरीने डोळे पुसले, मामीला मिठी मारली आणि म्हणाली, तरीही तुम्हाला काढावंच लागेल. कामात नात्याची भीड म्हणून नाही. गुणाची पोर आहे गं!

तुझा, निम्म्या औषधावर का होईना, टिकून असलेला,
धाकटा

ता. क. त्यांना अजून माणसं हवी आहेत, विशेषतः सत्तरीपुढच्या बायका. पोरगी तुला विचारायला धजत नाही. तू "कशाला जगायचं जास्त" म्हणालीस की तिला जेवण जात नाही. (हे सगळं काम तिने कुणाला डोळ्यांसमोर ठेवून सुरू केलं असं तुला वाटतं?) ताई, मला अजून पुष्कळ वर्षं तुझी बोलणी खायची आहेत. नाव दे.

पुन्हा ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, वन्संना बजावून लिहा, गोळी अख्खी घ्यायची. भावासाठी अर्धी राखून ठेवायची नाही.